फ्रान्सच्या छोट्या विमानतळावर खासगी जेट कसं उतरतं

“अहो, हॉटेलपासून पंधरा किलोमीटरवर विमानतळ दिसतंय नकाशात. तिथंच उतरवा ना. नीसला उतरून दोन तास गाडीत कोण बसणार?”

फोनवर एका उद्योजकाचे पीए होते. लग्न फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, सां-त्रोपेजवळ; नीस हे त्या भागातलं मोठं विमानतळ. घरची मंडळी मुंबईहून खासगी जेटने जाणार. प्रश्न रास्तच होता. विमान आपलं, वेळ आपली, पैसे आपले, मग उतरायची जागा दुसऱ्याने का ठरवायची?

असे प्रश्न सोडवणं हा माझा धंदा. आम्ही विमान उडवत नाही. परवानग्या काढायच्या, इंधन, पार्किंग, कस्टम यांची सोय लावायची, वैमानिकांच्या हॉटेलपासून प्रवाशांच्या गाडीपर्यंत सगळं जुळवायचं. धंद्यात याला ट्रिप सपोर्ट म्हणतात. लग्नात मांडववाला असतो ना, तसे आम्ही. काम चोख झालं तर कुणाला आठवतही नाही.

तर पीएंना मी जे समजावलं, तेच इथे जरा सविस्तर सांगतो.

नकाशात दिसत होतं ते विमानतळ म्हणजे ला मोल. मोर नावाच्या डोंगररांगेतल्या एका खोऱ्यात ते वसलं आहे, आजूबाजूला द्राक्षमळे. धावपट्टी १,१८० मीटर. मुंबईकरांना अंदाज यावा म्हणून सांगतो, जुहूची मोठी धावपट्टी १,१४३ मीटर आहे. म्हणजे ला मोल जवळपास जुहूएवढंच, फक्त समोर समुद्राऐवजी डोंगर. तुम्ही आम्ही ज्या सहार-सांताक्रूझवरून उडतो तिथली मुख्य धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब आहे.

आता कुणी म्हणेल, जेट थांबायला हजार मीटर पुरत नाहीत का? छोट्या जेटला पुरतात, पण नियमाला बहुतेकदा पुरत नाहीत. युरोपात भाड्याने प्रवासी नेणाऱ्या जेटसाठी सर्वसाधारण नियम असा आहे की धावपट्टीच्या तोंडावर पन्नास फूट उंचीवरून येऊन, उपलब्ध लांबीच्या ६० टक्क्यांत विमान पूर्ण थांबतं, हे उड्डाणाआधीच कागदावर सिद्ध करायचं. ला मोलची पूर्ण लांबी मिळाली असं धरलं तरी १,१८० चे ६० टक्के म्हणजे ७०८ मीटर. पट्टी ओली असेल तर आणखी १५ टक्क्यांची भर मागतात, म्हणजे हाताशी जेमतेम ६१५ मीटर उरतात. बाकीची पट्टी डोळ्यांसमोर लांबच लांब पसरलेली असते, पण हिशेबात ती धरायचीच नाही. वैमानिक थोडा पुढे टेकला, पाठून वाऱ्याचा झोत आला, ब्रेक मनासारखे लागले नाहीत, या सगळ्यासाठी ती राखून ठेवलेली असते.

याच नियमात टर्बोप्रॉपला, म्हणजे पंख्याच्या इंजिनाच्या विमानाला, ६० ऐवजी ७० टक्के मिळतात. ला मोलला पिलाटस पीसी-१२ सारखी एका इंजिनाची पंखेवाली विमानं एवढी का दिसतात, ते यावरून कळतं. त्यात गंमत अशी की मालक स्वतःच्या विमानातून, कुणाकडून भाडं न घेता निघाला तर हा ६० टक्क्यांचा निर्बंध तितका कडक राहत नाही. विमान तेच, पट्टी तीच, वैमानिकही तोच. आत बसलेल्याने तिकिटाचे पैसे दिले का, यावर गणित बदलतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही हे विचित्र वाटलं होतं. आता वाटत नाही. पैसे देणाऱ्याला धोक्याचा अंदाज नसतो, म्हणून त्याच्या वतीने नियम सावध राहतो.

लांबीबरोबर डोंगरांचाही प्रश्न आहे. ला मोलला शेवटचा टप्पा वैमानिकाला डोळ्यांनी बघून उडवावा लागतो, आणि या विमानतळाचं वेगळं प्रशिक्षण घेतल्याशिवाय तिथं उतरता येत नाही. फ्रान्सच्या नियमात विमानतळांची एक जातच आहे, ‘मर्यादित वापराचं’ अशी. म्हणजे विमानतळ खासगी नाही, पण आओ-जाओ घरही नाही. कुणी यायचं, कोणत्या तयारीने यायचं, हे आधी ठरलेलं असतं.

बरं, ला मोल नको, कान चालेल का? कान-मांदलिय हे विमानतळ सिनेमहोत्सवाच्या गावाला लागून आहे आणि तिथली मोठी पट्टी १,६१० मीटरची आहे. इथं अडचण वजनाची येते. ३५ टनांपेक्षा जड विमान तिथं चालत नाही. मुंबईहून नीसच्या परिसरापर्यंत सरळ अंतर सुमारे ६,६०० किलोमीटर, तेही न थांबता जायचं तर लोकांच्या डोळ्यांसमोर गल्फस्ट्रीम जी-६५० सारखं मोठं जेट असतं. ते पूर्ण भरलं की ४५ टनांचं होतं. ज्या विमानाला मुंबई-फ्रान्स सहज झेपतं, त्याला कान झेपत नाही. आणि जे कानला आरामात उतरतं, त्यातल्या बहुतेकांना वाटेत एकदा इंधनासाठी थांबावं लागतं.

मधला मार्ग काढणारी काही विमानं आहेत. दासो कंपनीचं फाल्कन २००० त्यातलं एक. वजन १९ टनांच्या आसपास, पल्ला कागदावर ७,४०० किलोमीटर. पश्चिमेकडे जाताना वारा समोरून येतो, म्हणून हा कागदावरचा पल्ला मी नेहमी थोडा कमीच धरतो. याच विमानाचे काही भाग आपल्या नागपुरात, मिहानमध्ये तयार होतात, आणि जून २०२५ मध्ये पॅरिसच्या विमान प्रदर्शनात जाहीर झालं की फाल्कन २००० ची पूर्ण जुळणीही नागपुरात होणार. फ्रान्सच्या बाहेर फाल्कन जोडलं जाण्याची ही पहिलीच वेळ. पहिलं विमान २०२८ पर्यंत बाहेर पडेल असं तेव्हा सांगितलं गेलं. म्हणजे उद्या कानला एखादं नागपुरी विमान उतरलं तर नवल नको.

शेवटी पीएंना मी सुचवलं की मोठं जेट नीसला उतरवू आणि पुढे पीसी-१२ किंवा हेलिकॉप्टर घेऊ. हेलिकॉप्टरला वीसेक मिनिटं लागतात. ते म्हणाले, “म्हणजे जेट घेऊनही विमान बदलायचंच?” हो, बदलायचंच.

नीसबद्दल एवढंच की ते मोठं असलं तरी उन्हाळ्यात तिथं उभं राहायला जागा मिळत नाही. मे-जूनमध्ये कानचा महोत्सव आणि मोनाकोची कार शर्यत एकापाठोपाठ येतात, तेव्हा जेट येतं, माणसं उतरवतं आणि रिकामं दुसऱ्या गावी जाऊन उभं राहतं. दादरला गाडी घेऊन गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

एवढी विमानतळं आली कुठून

फ्रान्समध्ये लहानमोठी मिळून चारशेहून जास्त विमानतळं आहेत. यातली बरीचशी सैन्याची, टपाल नेणाऱ्या विमानांची किंवा गावच्या फ्लाइंग क्लबची देणगी आहे. हौशी फ्लाइंग क्लब तिथं आपल्याकडच्या व्यायामशाळेइतके जुने आणि गावोगावचे. अनेक ठिकाणी धुरा स्थानिक व्यापारी मंडळाकडे असते. २००४ च्या कायद्याने दीडशेच्या आसपास विमानतळं सरकारने स्थानिक संस्थांच्या हाती सोपवली. तेव्हापासून विमानतळ चालवायचं की नाही, कितीचा तोटा सोसायचा, हा पॅरिसचा विषय न राहता जिल्ह्याचा झाला.

या हौशी जगाशी मुंबईचं एक जुनं नातं आहे. जे. आर. डी. टाटांचा जन्म १९०४ चा, पॅरिसमधला. त्यांचं कुटुंब सुट्टीला उत्तर किनाऱ्यावरच्या आर्दलोला जायचं, आणि तिथं जवळच घर होतं लुई ब्लेरिओंचं. १९०९ मध्ये विमानाने इंग्लिश खाडी पहिल्यांदा ओलांडणारे ते हेच. त्या किनाऱ्यावर विमानं बघत वाढलेला हा मुलगा पंधराव्या वर्षी तिथंच पहिल्यांदा विमानात बसला, आणि १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरला. आर्दलोपासून थोड्या अंतरावर ल तुके नावाचं छोटं विमानतळ आहे आणि तिथं आजही खाडीपलीकडून इंग्रज मंडळी छोट्या विमानांनी जेवायला येतात.

जेवणावरून आठवलं. छोट्या विमानतळाला दुपारची सुट्टी असते! सकाळी आठ ते बारा आणि दुपारी दोन ते सहा, अशा वेळा मी कितीतरी ठिकाणी पाहिल्या आहेत. पुण्याच्या लोकांनी आता मान ताठ करायला हरकत नाही. मधल्या दोन तासांत पट्टी कुणी उचलून नेत नाही, पण इंधन भरणारा माणूस नसतो, रेडिओवर बोलणारा नसतो आणि बंबावरचेही जेवायला गेलेले असतात.

बंबाचं प्रकरण प्रवाशांना माहीतच नसतं. विमानाची लांबी आणि धडाची रुंदी बघून विमानतळाच्या अग्निशमन सज्जतेचे १ ते १० असे दर्जे ठरतात. १८ ते २४ मीटर लांबीच्या जेटला चौथा दर्जा लागतो, ३० मीटरच्या जी-६५० ला सहावा. छोट्या विमानतळाची रोजची सज्जता बहुधा दोनची. जास्त हवी असेल तर आधी लेखी कळवायचं, मग ते वाढीव माणसं बोलावतात, आणि त्याचं बिल आपल्याला येतं. हे कळवणं एक-दोन दिवस आधी व्हावं लागतं. बरं, ती माणसं आकाशातून पडत नाहीत. एकाच माणसाने सकाळी गवत कापायचं, दुपारी विमानाला चाकाचे ठोकळे लावायचे आणि गरज पडली तर बंबावर चढायचं, असं छोट्या ठिकाणी चालतं.

आता रेडिओ. मोठ्या विमानतळावर टॉवरमधला नियंत्रक सांगतो, ‘उतरा’, मग विमान उतरतं. छोट्या ठिकाणी नियंत्रक नसतो, एक माहिती देणारा माणूस असतो. वारा कुठून आहे, पट्टीवर कोण आहे, आकाशात आणखी कुणी आहे का, एवढं तो सांगतो. उतरा किंवा उतरू नका असं सांगायचा अधिकार त्याला नाही. निर्णय वैमानिकाचा. आणि तो माणूसही घरी गेला की मग प्रत्येक वैमानिक त्या ठरावीक फ्रिक्वेन्सीवर स्वतःच पुकारा करतो. मी अमुक, उत्तरेकडून येतोय, आता वळतोय, आता उतरतोय. घाटातल्या वळणावर हॉर्न देत जावं तसं. रात्रीचे दिवेही काही ठिकाणी वैमानिकच लावतो, माइकचं बटण ठरावीक वेळा दाबलं की पट्टी उजळते.

यात खरी मेख भाषेची. आंतरराष्ट्रीय विमानं इंग्रजीत बोलतात हे आपण गृहीत धरतो. पण फ्रान्सच्या अनेक छोट्या विमानतळांच्या नकाशावर रेडिओच्या रकान्यात लिहिलेलं असतं, फक्त फ्रेंच. माहिती देणारा माणूस हजर नसताना सगळे पुकारे फ्रेंचमध्ये होतात, कारण आजूबाजूला घिरट्या घालणारे निवृत्त शिक्षक आणि डॉक्टर, क्लबचे सभासद, त्यांना इंग्रजी पुकारा कळलाच नाही तर घात होईल. मग वीस वर्षांचा अनुभव असलेला आपला कॅप्टन तिथं उतरू शकत नाही, आणि गावातला सोळा वर्षांचा शिकाऊ मुलगा मजेत उतरतो. पर्याय दोनच. माहिती देणाऱ्याच्या कामाच्या वेळेत पोचायचं, नाहीतर फ्रेंच बोलणारा वैमानिक सोबत घ्यायचा.

सीमा कुठे असते

हा सगळ्यात नाजूक भाग, म्हणून इथे जरा थांबू.

भारतातून किंवा दुबईहून फ्रान्सला जाताना तुम्ही शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपापसातल्या सीमा खुल्या ठेवलेल्या युरोपीय देशांच्या गटात, शिरता. या क्षेत्रात कुठूनही शिरता येत नाही. ज्या विमानतळांवर सीमा तपासणीची अधिकृत सोय आहे, त्यांची सरकारी यादी आहे, आणि बाहेरून येणाऱ्या विमानाने पहिलं पाऊल त्याच यादीतल्या विमानतळावर टाकायचं. मोठ्या ठिकाणी हे काम सीमा पोलिसांचं, लहान ठिकाणी बहुतेकदा कस्टमवाल्यांचं. आणि लहान ठिकाणी ते कायम बसलेले नसतात. आधी कळवलंत तर जवळच्या शहरातून गाडी काढून येतात. कळवलं नाही तर येत नाहीत. विमान खासगी आहे म्हणून पासपोर्टची तपासणी टळत नाही, व्हिसा तर नाहीच नाही. रांग नसते, सोफ्यावर कॉफी मिळते, एवढाच काय तो फरक. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने पासपोर्टवरच्या शिक्क्याच्या जागी बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी युरोपची नवी नोंदणी पद्धतही सुरू झाली.

इथं मी स्वतः एकदा आपटलो आहे. नैऋत्य फ्रान्समधलं एक छोटं विमानतळ, शनिवारी सकाळचं आगमन. कस्टमला आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. फ्रान्सच्या वैमानिकी पुस्तिकेत वेळा जागतिक प्रमाणवेळेत आणि हिवाळ्याच्या हिशेबाने छापलेल्या असतात, शेजारी बारीक अक्षरात टीप, उन्हाळ्यात एक तास वजा. मी १६०० वाचलं, साडेपाच तास मिळवले, रात्री साडेनऊ आले. नऊ वाजून दहा मिनिटांनी ईमेल पाठवला आणि वीस मिनिटं आधीच काम संपवलं म्हणून स्वतःवर खूश होऊन लोकलला पळालो. महिना जुलै. खरी मुदत साडेआठलाच संपली होती.

शनिवारी त्या कार्यालयात ईमेल वाचायला कुणी नव्हतं. विमान आधी बोर्दोला उतरवावं लागलं, तिथं पासपोर्ट तपासले, मग पुन्हा उडून वीस मिनिटांनी त्या छोट्या विमानतळावर. दोनदा लँडिंगचे पैसे, दोनदा हँडलरचे, म्हणजे जमिनीवर विमानाची व्यवस्था बघणाऱ्यांचे. त्याहून वाईट म्हणजे विमानात ऐंशीच्या पुढच्या एक आजी होत्या. जेटचा जिना अरुंद आणि उभा असतो. त्यांना तो दोनदा उतरावा आणि एकदा चढावा लागला. चूक माझी आहे असं मी सांगितलं, साहेब काही बोलले नाहीत. आजींनी मात्र परत आल्यावर विचारलं म्हणे, “तो मुलगा घड्याळ लावतो का?” तेव्हापासून माझ्या टेबलावर तीन घड्याळं आहेत.

माझ्या चुकीत दीड तास गेला. सीमेचा घोळ याहून कितीतरी मोठा होऊ शकतो, आणि त्याचं उदाहरण आपल्याकडे बहुतेकांनी बातम्यांत पाहिलं आहे. डिसेंबर २०२३, वात्री. हे शांपेन प्रांतातलं विमानतळ. नावात पॅरिस आहे, पण पॅरिस तिथून दीडशे किलोमीटर लांब. १९५० च्या दशकात नाटोचा हवाई तळ म्हणून बांधलेलं, त्यामुळे गाव एवढंसं आणि धावपट्टी ३,८६० मीटर. २१ डिसेंबरला तिथं रोमेनियाच्या एका चार्टर कंपनीचं एअरबस ए-३४० उतरलं. संयुक्त अरब अमिरातीहून निघालेलं, मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाला जाणारं, आत ३०३ प्रवासी, बहुतेक भारतीय. थांबा फक्त इंधनासाठी होता. कागदोपत्री कुणी फ्रान्समध्ये शिरणारच नव्हतं.

पण मानवी तस्करीचा संशय असल्याची निनावी खबर पोलिसांना मिळाली होती आणि विमान जागेवरच अडवलं गेलं. फ्रेंच कायद्यात सीमेवर अडवलेल्या परदेशी माणसाला ‘प्रतीक्षा क्षेत्रात’ ठेवता येतं. चार दिवसांच्या पुढे ठेवायचं तर न्यायाधीशांची मंजुरी लागते. वात्रीचा प्रवासी हॉल हेच प्रतीक्षा क्षेत्र झालं. तिथं खाटा टाकल्या, आडोशाला कापडं लावली आणि नाताळच्या आदल्या दिवशी न्यायाधीश, वकील आणि दुभाषे विमानतळावरच सुनावणीला बसले. २५ डिसेंबरला विमान सुटलं आणि २६ च्या पहाटे मुंबईत उतरलं, तेव्हा त्यात २७६ जण होते. उरलेल्यांपैकी बहुतेकांनी फ्रान्समध्ये आश्रय मागितला होता.

ते खासगी जेट नव्हतं, मान्य. पण आमच्या धंद्यात वात्रीने एक गोष्ट पक्की केली. ‘फक्त इंधन भरून निघू’ हे वाक्य आता मी कुणालाही सहज बोलू देत नाही. चाक फ्रान्सच्या जमिनीला लागलं की प्रवाशांची यादी, पासपोर्ट आणि पुढच्या देशाचा व्हिसा, तिन्ही फाइलमध्ये हवेत. खाली कुणी उतरो न उतरो.

पैशांचं थोडक्यात

भाड्याच्या विमानाला आणखी एक कुंपण आहे. भारतीय कंपनीचं चार्टर मुंबईहून नीसला प्रवासी नेऊ शकतं, त्यासाठी युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेची मान्यता आणि फ्रान्सची परवानगी काढावी लागते. पण नीसला पोचल्यावर तिथल्या कुणाला पैसे घेऊन बोर्दोला सोडता येत नाही. देशांतर्गत धंदा स्थानिकांचा, असा तो नियम. पुणे पासिंगच्या टॅक्सीने मुंबईत भाडी मारू नयेत, तसंच. म्हणूनच पुढच्या छोट्या टप्प्याला आम्ही युरोपातल्याच कंपनीचं विमान घेतो.

आणि कर. १ मार्च २०२५ पासून फ्रान्सहून भाड्याच्या जेटने उडणाऱ्या प्रत्येक प्रवाशामागे युरोपातल्या प्रवासाला ४२० युरो आणि लांबच्या प्रवासाला २,१०० युरो कर लागतो. आठ माणसं परत मुंबईला निघाली की १६,८०० युरो फक्त करापोटी. हा कर लागू झाल्यावर आमच्याकडचे फोन वाजायचे काही कमी झाले नाहीत, हेही सांगून टाकतो. मे २०२३ मध्ये फ्रान्सने जिथं रेल्वेने अडीच तासांच्या आत पोचता येतं अशा काही मार्गांवरची नेहमीची विमानसेवा बंद केली, पण खासगी जेट त्या बंदीतून सुटली. सामान्य माणसाने रेल्वेने जायचं आणि जेटवाल्याने उडायचं, यावर तिथं बरीच टीका झाली. या धंद्यावर पोट असूनही मला ती टीका चुकीची वाटत नाही. एका युरोपीय पर्यावरण संस्थेच्या २०२१ च्या अहवालात खासगी जेटचं माणशी प्रदूषण नेहमीच्या विमानाच्या पाच ते चौदा पट असल्याचं म्हटलं आहे. जेट माणसं घ्यायला रिकामं जातं आणि सोडून रिकामं परततं, ते मी रोज बघतो.

तर सां-त्रोपेचं लग्न. मोठं जेट नीसला उतरलं, ला मोलचं प्रशिक्षण घेतलेला वैमानिक असलेली दोन पीसी-१२ ठरवली. खरी अडचण आली ती बॅगांची. पैठण्यांच्या, फेट्यांच्या, आहेराच्या एकोणीस बॅगा, आणि पीसी-१२ च्या मागच्या कप्प्यात त्यातल्या निम्म्याही मावेनात. शिवाय छोट्या पट्टीवर वजन वाढलं की थांबायचं अंतर वाढतं, हे वर आलंच आहे. शेवटी माणसं विमानाने गेली आणि बॅगा गाडीने. जुलैचा शनिवार, किनाऱ्याच्या रस्त्यावर ही गर्दी. हळद लागायच्या चाळीस मिनिटं आधी गाडी पोचली.

परतल्यावर पीएंचा फोन आला. सगळे खूश होते. “आता डिसेंबरात साहेबांना स्कीइंगला जायचंय. कूर्शव्हेल म्हणून गाव आहे. मी नकाशात बघितलं, तिथं तर बर्फाच्या उतारालाच लागून विमानतळ आहे!”

आहे ना. समुद्रसपाटीपासून २,००८ मीटर उंचीवर. साठच्या दशकाच्या सुरुवातीला डोंगराच्या कडेवर बांधलेलं. पट्टी ५३७ मीटर, आणि ती सपाट नाही. तिला साडेअठरा टक्क्यांपर्यंत चढ आहे, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात की साडेअठरा मीटर वर. विमान चढावर उतरतं, म्हणून थांबतं. आणि उतारावरून पळत जाऊन दरीकडे झेपावतं, म्हणून उडतं. उतरताना नेम चुकला तर पुन्हा वर उचलून फेरी मारायची सोय नाही, समोर डोंगर आहे. जेटचं तर नावच काढायचं नाही, आणि बाकीच्या वैमानिकांनाही डोंगरी लँडिंगची वेगळी परवानगी लागते.

मी शांबेरीची पुस्तिका उघडली. ते खाली खोऱ्यात आहे, तिथली पट्टी दोन किलोमीटरची. तिन्ही घड्याळं बघून घेतली आणि पीएंना पहिला प्रश्न विचारला, “स्की किती जोड असतील?”